सात वर्षांची पायवाट : धर्मानंद कोसंबी आणि आमची आठ दिवसांची सहल

वर्षावास संपत आला की आमच्या कल्याण-डोंबिवलीच्या ग्रुपवर सहलींचे मेसेज सुरू होतात. बुद्धगया, राजगीर, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी, सगळे आठ दिवसांत, चहा-नाश्ता-जेवणासह. दुसरा मेसेज लडाखचा, तिथे बुलेट भाड्याने मिळणार. तिसरा आपल्या जवळचा, कर्जतच्या पुढे कोंडाणे लेणी, एक दिवस, धबधब्यासह. आम्हीही अशा सहली काढल्या आहेत, त्यामुळे हे लिहिताना बोट दुसऱ्याकडे दाखवण्याचा प्रश्न नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही पस्तीस जण कोंडाण्याला गेलो होतो. चैत्यगृहाच्या कमानीवरून पाणी कोसळत होते, खाली आमचा स्पीकर वाजत होता, गाणे अर्थातच भीमाचे होते. वाटेतल्या वाडीतल्या एका आजीने परतताना आम्हाला पाणी दिले आणि विचारले की तुम्ही देवाला आला होता की नाचायला. त्याचे उत्तर कोणालाच देता आले नाही.

त्यानंतर आमच्या अभ्यासवर्गात आम्ही धर्मानंद कोसंबी वाचायला घेतले. आपल्या तरुणांपैकी अनेकांना हे नाव ‘भगवान बुद्ध’ या पुस्तकाचे लेखक म्हणून माहीत असते, काहींना इतिहासकार दा. ध. कोसंबी यांचे वडील म्हणून. आम्हाला मात्र त्यांचे चालणे महत्त्वाचे वाटले. धम्म शोधण्यासाठी मराठी माणूस घराबाहेर पडला, डोंगर चढला, समुद्र ओलांडला आणि जिथे गेला तिथे विद्यार्थी होऊन राहिला, असे दुसरे उदाहरण आम्हाला चटकन आठवत नाही.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी, सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. शिक्षण जेमतेम, घरी नारळाची बागायत, वाचनाची आणि तुकारामांच्या अभंगांची ओढ. लहान वयातच बाळाबाईंशी लग्न झाले. ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धांवरचा लेख वाचला आणि त्या लेखाने त्यांची पाठ सोडली नाही. विशेष म्हणजे ते मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांचे होते. त्या काळी मराठीत बुद्धांविषयी वाचायला मिळणे किती अवघड होते याचा अंदाज यावरून यावा. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरून काढला तेव्हा धर्मानंद पाच-सहा वर्षांचे होते. म्हणजे जमिनीखालून बुद्ध वर येत होते, पण गावातल्या माणसापर्यंत पोहोचत नव्हते.

१८९९ साली त्यांनी घर सोडले. मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती. आमच्या वर्गात या जागी वाचन थांबले. दोन मुलींनी सरळ विचारले की बाळाबाईंनी असेच घर सोडले असते तर त्यांचे चरित्र कोणी लिहिले असते का. प्रश्न रास्त आहे. धर्मानंद चालू शकले कारण मागे एक बाई घर आणि लेकरू सांभाळत होती. त्यांच्या ज्ञानाबद्दल आम्हाला जितका आदर आहे तितकेच हेही नोंदवून ठेवले पाहिजे असे आम्हाला वाटते.

पुण्यात ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. पुढे ग्वाल्हेर, मग काशी. काशीत संस्कृत शिकायचे आणि अन्नछत्रात जेवायचे असा क्रम होता. दुसरीही गोष्ट इथेच सांगायला हवी. काशीचे अन्नछत्र आणि शास्त्र्यांची पाठशाळा ज्या दाराने त्यांच्यासाठी उघडली, ते दार त्याच काळात आपल्या आजोबा-पणजोबांसाठी उघडले नसते. त्यांचे हाल खोटे नव्हते. पण त्या हालांनाही जात होती.

काशीहून १९०२ साली ते नेपाळला निघाले. बुद्ध तिकडचे, तेव्हा धम्म तिकडे जिवंत असेल, असा त्यांचा भाबडा वाटावा असा हिशेब. आज काठमांडूला विमान जाते. तेव्हा तराईचे जंगल ओलांडून भीमफेदीला यायचे, सिसागढीचा चढ चढायचा, उतरायचे, पुन्हा चंद्रागिरीचा चढ आणि मग खाली थानकोटला पोहोचल्यावर काठमांडूचे खोरे. मोटाररस्ता १९५० च्या दशकात झाला. त्याआधी सामान हमालाच्या पाठीवर आणि माणूस आपल्या पायांवर. राणांच्या राजवटीत बाहेरच्या माणसाला खोऱ्यात सहज प्रवेशही नसे. महाशिवरात्रीच्या यात्रेत तेवढी मोकळीक असे. पुढे १९२९ साली राहुल सांकृत्यायन तिबेटला निघाले तेव्हा त्यांनीही याच यात्रेच्या गर्दीचा आधार घेतला.

इतके चढ-उतार करून धर्मानंद खोऱ्यात पोहोचले आणि निराश झाले. पोथीतून मनात बसलेला धम्म त्यांना तिथे दिसला नाही. थोड्याच मुक्कामात ते मागे फिरले आणि बुद्धगयेला आले.

इथे आम्ही त्यांच्याशी थोडा वाद घालतो. काठमांडूच्या खोऱ्यातला नेवार बौद्ध समाज म्हणजे शेकडो वर्षे टिकलेली परंपरा आहे. तिथले विहार म्हणजे चौक आणि भोवती घरे, त्यांना ‘बहाल’ म्हणतात. तिथले वज्राचार्य आणि शाक्य संसारी असतात. भिक्खू नाही, चीवर नाही, म्हणून धम्म नाही, असे म्हणता येत नाही. पाली ग्रंथांचे शिक्षण मिळावे म्हणून ते निघाले होते आणि ते तिथे नव्हते, इतकाच निष्कर्ष काढला असता तर तो बरोबर होता. आयुष्यभर सावकाश चाललेल्या माणसानेही एका खोऱ्यात घाई केली. आमची मुले लडाखच्या किंवा सिक्कीमच्या गोम्पात जातात, लोण्याचे दिवे आणि रंगीत मूर्ती बघतात आणि बाहेर येऊन हा काही आपला धम्म नाही, ही अंधश्रद्धा आहे, असे पाच मिनिटांत जाहीर करतात. बावीस प्रतिज्ञा पाठ असणे चांगलेच आहे. पण ज्याच्या घरी आपण पाहुणे आहोत त्याच्या दिव्याकडे बघून नाक मुरडायचा अधिकार त्यातून मिळत नाही. त्या डोंगराळ भागात हिवाळ्यात सहा महिने रस्ता बंद असताना त्या गोम्पाने गावाला काय दिले, हे विचारायला एक मुक्काम तरी करावा लागतो.

बुद्धगयेहून धर्मानंद कलकत्त्याला आणि पुढे सिलोनला गेले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांनी त्यांना श्रामणेर केले. वय पंचवीसच्या पुढे, भोवती लहान पोरे, भाषा परकी आणि तिथले जेवण मानवत नाही. पाली मात्र इथे पक्की झाली. पुढे ते मद्रासला आले. तिथे प्रा. लक्ष्मी नरसू यांचा परिचय झाला. कार्यकर्त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे, कारण नरसूंचे बौद्ध धर्मावरचे पुस्तक बाबासाहेबांनी १९४८ साली स्वतः प्रस्तावना लिहून पुन्हा प्रसिद्ध केले. मद्रासनंतर ब्रह्मदेश. तिथल्या विहारांत राहून त्यांनी अभ्यासाबरोबर ध्यानाची साधना केली.

१९०४ च्या सुमारास ते भारतात परतले आणि बुद्धांच्या पाऊलखुणांवर फिरले. आमच्या आठ दिवसांच्या पॅकेजातली हीच ठिकाणे. फरक असा की ते भिक्खूच्या नियमाने राहत होते. पैसे जवळ बाळगायचे नाहीत, दुपारनंतर जेवायचे नाही, जे भिक्षापात्रात पडेल ते खायचे. अशा माणसाला गावातून घाईघाईने जाताच येत नाही. गावाने दिले तर जेवण, नाही दिले तर उपवास, आणि त्या गावाला बौद्ध भिक्खू म्हणजे काय हे ठाऊकच नसे. कुशीनगरची महापरिनिर्वाणाची मूर्ती १८७६ साली, म्हणजे बरोबर त्यांच्या जन्मवर्षी, मातीतून बाहेर आली होती. लुंबिनीचा अशोकस्तंभ १८९६ साली ओळखला गेला होता. पंचतारांकित हॉटेले नव्हती, देशोदेशीची विहारे नव्हती, फोटो काढायला रांग नव्हती. शेते, पडके स्तूप आणि गुरे राखणारी पोरे. ज्या जागा सगळे विसरले होते तिथे ते पायी गेले आणि बसून राहिले.

पुन्हा एकदा ब्रह्मदेश करून १९०६ साली ते कलकत्त्याला आले. चीवर उतरवले, नॅशनल कॉलेजात आणि मग कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागले. त्याच वर्षी ते घरच्यांना भेटायला गोव्याला गेले. सात वर्षे झाली होती. मुलगा दामोदर १९०७ साली जन्मला.

विद्यापीठाची नोकरी चांगली होती, तरी ती त्यांनी सोडली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना ५० रुपये देऊ केले होते, अट अशी की महाराष्ट्रात राहायचे आणि दरवर्षी एक पुस्तक लिहायचे. मराठी माणसाला त्याच्या भाषेत बुद्ध कळावा म्हणून त्यांनी कमी पैसे पत्करले. १९१० च्या ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ पासून पुढची पुस्तके आली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावले. तिथे ते एकूण चार वेळा गेले. प्रा. लॅनमन यांच्याशी संपादनाच्या श्रेयावरून खटके उडाले, तरी काम त्यांनी टाकले नाही. रोमन लिपीतली ती आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० साली निघाली. मधल्या काळात फर्ग्युसन कॉलेज, गुजरात विद्यापीठ, १९२९ मध्ये रशियातले लेनिनग्राड, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास. या भागावर कितीही लिहिता येईल, पण आमचा विषय त्यांची पायवाट आहे.

ती पायवाट शेवटी परळला आली. १९३० च्या दशकात, बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यानंतरच्या वर्षांत, धर्मानंदांनी परळच्या गिरणगावात ‘बहुजन विहार’ उभा केला आणि तिथेच राहू लागले. याच परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी वीस-बावीस वर्षे काढली होती. हार्वर्डला शिकवलेला माणूस कामगारांच्या वस्तीत पंचशील सांगत बसला. विहाराला पैसा जुगलकिशोर बिर्लांचा होता, हे आपल्यातल्या अनेकांना खटकते, आम्हालाही खटकते. ते गांधीजींच्या जवळचे होते हेही खटकते. पण त्यामुळे त्यांना वगळायचे ठरवले तर एक मोठी गोष्ट हातची जाते. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून घर सोडले ही कथा धर्मानंदांना पटली नव्हती. शाक्य आणि कोलीय यांच्यातले भांडण, माणसांनी एकमेकांवर उगारलेली शस्त्रे, यात त्यांनी गृहत्यागाचे कारण शोधले. रोहिणी नदीच्या पाण्याचा तोच वाद बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये गृहत्यागाच्या मुळाशी आहे. त्या मुलखात पायी फिरलेल्या माणसाला नदीच्या पाण्यावरून गावे कशी लढतात हे ग्रंथाबाहेरही दिसले असेल, असा आमचा तर्क आहे. तर्कच आहे, पुरावा नाही.

अखेरच्या वर्षांत शरीर साथ देईना. दुसऱ्यावर ओझे होऊन जगायचे नाही म्हणून त्यांनी अन्नत्याग सुरू केला. गांधीजींच्या आग्रहावरून एकदा तो थांबवला, मग वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहायला आले आणि जून १९४७ मध्ये तिथेच उपोषणाने देह ठेवला. हा मार्ग आम्हाला पटत नाही, आणि समाजकार्यात असल्यामुळे तो कोणाला सुचवणारही नाही. देशाचे स्वातंत्र्य दोन महिन्यांवर होते, नागपूरची दीक्षा नऊ वर्षांवर.

कोंडाण्याला आम्ही यंदा पुन्हा गेलो. पस्तीस नाही, नऊ जण. कल्याणहून पहाटेची कर्जत लोकल, पुढे कोंडिवड्यापर्यंत टमटम आणि मग उल्हासच्या खोऱ्यातून चालत. आमच्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत कोरलेली आहेत. घाटावर जाणाऱ्या त्यांच्या मालाला याच डोंगरांतून वाट काढावी लागे. चैत्याजवळ एका भग्न शिल्पाच्या बाजूला छोटा ब्राह्मी लेख आहे, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले असे सांगणारा. आम्ही तो शोधायला अर्धा तास घेतला. स्पीकर नव्हता, त्रिसरण-पंचशील हळू आवाजात म्हटले. जेवण वाडीतच सांगितले होते, पैसे आधी ठरवून. नाचणीची भाकरी, करटुल्याची भाजी आणि ठेचा होता. आजी या वेळी नव्हत्या, लेकीकडे गेल्या होत्या. त्यांच्या सुनेने आम्हाला ओळखले नाही, आणि आम्हीही मागच्या वेळचे काही सांगितले नाही.