गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी झुंजणारे शल्यविशारद डॉ. एर्न्स्ट वेर्टहाइम

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील मूलगामी शस्त्रक्रियेला ज्यांचे नाव मिळाले, ते डॉ. एर्न्स्ट वेर्टहाइम यांचा जन्म 21 फेब्रुवारी 1864 रोजी ऑस्ट्रियातील ग्राझ येथे झाला. तेथेच वैद्यकीय पदवी संपादन केल्यानंतर त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञ फ्रिडरिक शाऊटा यांच्या हाताखाली प्राग आणि व्हिएन्ना येथे काम केले. परमा या रोगाचे जंतू स्त्रीच्या प्रजननमार्गातून वर कसे पसरतात, यावरील संशोधनामुळे ते प्रथम प्रकाशात आले. जंतुसंसर्गाचा हा अभ्यास त्यांना पुढे मोलाचा ठरला.

16 नोव्हेंबर 1898 रोजी व्हिएन्नात त्यांनी पोटावर छेद देऊन गर्भाशयासह आजूबाजूच्या ऊती आणि वाढलेल्या लसिकाग्रंथी काढून टाकण्याची आपली पहिली शस्त्रक्रिया केली. मात्र सुरुवातीच्या काळात दर 10 रुग्णांपैकी जवळपास 4 रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावत असत. कर्करोगाने सडलेल्या भागात जंतूंचा मोठा साठा असतो. तो कापताना ओटीपोटात सांडल्यास उदरावरणाला सूज येऊन मृत्यू ओढवे. प्रतिजैविके तेव्हा अस्तित्वातच नव्हती. मूत्रवाहिनीचा रक्तपुरवठा तुटल्याने तिला छिद्र पडून लघवी झिरपत राहण्याचा त्रासही अनेकींना होई.

वेर्टहाइम यांनी या अपयशाची कारणे शोधली. योनीमार्ग कापण्यापूर्वी गाठीच्या खालच्या बाजूस तो काटकोनी चिमट्यांनी घट्ट बंद करण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. त्यामुळे दूषित स्राव जखमेत उतरण्यास आळा बसला. हे चिमटे आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. 1911 मध्ये त्यांनी 500 शस्त्रक्रियांचा वृत्तांत यशापयशासह प्रसिद्ध केला. तोपर्यंत मृत्यूचे प्रमाण सुमारे 10 टक्क्यांपर्यंत खाली आले होते. योनीमार्गातून शस्त्रक्रिया करणारे त्यांचे गुरू शाऊटा यांच्याशी त्यांचे यावरून तीव्र मतभेद झाले. वेर्टहाइम यांचे 15 फेब्रुवारी 1920 रोजी व्हिएन्नात निधन झाले.

प्रतिजैविके, रक्तसंक्रमण आणि सुधारित भूलशास्त्र यांमुळे ही शस्त्रक्रिया आता बरीच सुरक्षित झाली आहे. तरीही ताप, जखमेतून पू अथवा दुर्गंधीयुक्त स्राव, पोटात वाढत्या वेदना किंवा योनीमार्गातून सतत पाणी झिरपणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते.

रोग लवकर ओळखल्यास अनेकींवर एवढी मोठी शस्त्रक्रिया करण्याची वेळच येत नाही. महाराष्ट्रातील तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वर्षे वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक महिलांचा समावेश असलेला अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची एकदा केलेली चाचणीही या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आणू शकते, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसून आले.