लक्ष्मीबाई टिळक : प्रतीक्षेतून घडलेली श्रद्धा

मराठी आत्मचरित्रवाङ्मयात 'स्मृतिचित्रे'चे स्थान निर्विवाद आहे. या ग्रंथाच्या भाषेचा साधेपणा आणि त्यातील निर्मळ विनोद यांचा गौरव समीक्षकांनी वेळोवेळी केला आहे. त्या विनोदाआड पाच वर्षांची एक कठोर प्रतीक्षा उभी आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ख्रिस्तश्रद्धा या प्रतीक्षेतून आकाराला आली आणि तिची कसोटी त्यांच्या माणसांशी असलेल्या नात्यांतच लागली, हे त्यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले कुटुंबात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकी कल्पनांनी घर ग्रासलेले होते. स्पर्शाची भीती ही त्या घरातील मुलांना मिळालेली पहिली शिकवण होती. वयाच्या अकराव्या वर्षी, १८८० साली, त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या मुलीला अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून. टिळक वृत्तीने कवी, स्वभावाने शीघ्रकोपी आणि व्यवहारात उदासीन. घरखर्चाच्या पैशांतून भलतीच वस्तू घेऊन यावी, कोणालाही न सांगता दूरच्या गावी निघून जावे, असा त्यांचा क्रम होता. संसार कधी नाशकात, कधी नागपुरात, तर कधी राजनांदगावात मांडला जाई. वाट पाहणे हा लक्ष्मीबाईंच्या गृहजीवनाचा प्रारंभापासूनचाच भाग होता, असे म्हणावे लागते.

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला. त्यानंतर दोन वर्षांच्या चिंतनाअंती, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला विश्वासात न घेता उचललेले हे पाऊल होते. टिळकांच्या सत्यनिष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या सत्यनिष्ठेची किंमत प्रथम लक्ष्मीबाईंना मोजावी लागली, हेही नाकारता येत नाही. त्या काळच्या ब्राह्मण समाजात अशा स्त्रीला कोणतेच स्थान नव्हते. पती हयात असल्यामुळे ती विधवा नव्हती. आणि पती समाजाला मेल्यासारखा झाल्यामुळे सौभाग्यवतीचा मानही तिच्या वाट्याला येत नव्हता. लहानग्या देवदत्ताला घेऊन लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाने नाशिक, पंढरपूर येथे राहिल्या. या काळात देवावरचा त्यांचा विश्वास ढळला नाही. तो अद्याप त्यांच्या परंपरेतला, विठ्ठलाच्या गावातला विश्वास होता.

दुसऱ्या बाजूने टिळकांचीही परीक्षा चालू होती. धर्मांतरित व्यक्तीला तिचा जोडीदार सोडून गेल्यास विवाहविच्छेद मागण्याची सोय १८६६च्या कायद्याने करून दिली होती. टिळकांनी तो मार्ग स्वीकारला नाही. पत्नी आपल्या धर्मात यावी ही इच्छा त्यांनी लपविली नाही. तथापि तिच्या संमतीवाचून तिला ओढून आणण्याचा प्रयत्नही केला नाही. देवावर भार टाकून थांबणे म्हणजे समोरच्या माणसाच्या मनाला त्याचा अवकाश देणे होय, हा अर्थ टिळकांच्या या काळातील वर्तनातून निघतो. आरंभी जो विचार त्यांनी पत्नीसाठी केला नव्हता, तो विरहाने त्यांना शिकविला.

पुढे लक्ष्मीबाई पतीजवळ राहावयास आल्या, त्या धर्म बदलण्यासाठी नव्हे. अहमदनगर व राहुरी येथील वास्तव्यात त्यांनी आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवले. भोवती महार-मांग समाजांतून आलेली ख्रिस्ती कुटुंबे होती आणि त्यांच्या स्पर्शाची भीती मनातून गेली नव्हती. राहुरीच्या मुक्कामात मात्र जातिभेद देवाने केले की माणसांनी, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करू लागला. ते माणसांनीच केले, या निष्कर्षाशी येताच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. कोणाचा उपदेश वा वादविवाद त्यामागे नव्हता. त्यानंतर, १९०० साली, त्यांनी देवदत्तासह बाप्तिस्मा घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. शेजाऱ्याविषयीची दृष्टी आधी पालटली आणि धर्मस्वीकार नंतर झाला. बालपणी वडिलांच्या घरी मिळालेल्या स्पर्शभयातून त्या स्वतः बाहेर पडल्या, म्हणूनच त्यांच्या श्रद्धेला उसनेपणा राहिला नाही.

या श्रद्धेचे पुढील रूप त्यांच्या घरात दिसते. अहमदनगरचे टिळकांचे घर पोरक्या, निराधार मुलांसाठी सदैव उघडे असे. त्यांच्या जेवणाखाणाचा भार अर्थातच लक्ष्मीबाईंवर पडे. प्लेगच्या दिवसांत त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, याच घरात काही काळ मुलासारखे राहिले. हळव्या, चटकन रुसणाऱ्या या कवीचे मन लक्ष्मीबाईंनी सांभाळले. बालकवी अखेरपर्यंत आपल्या धर्मातच राहिले आणि त्या मायेत त्यामुळे उणेपणा आला नाही. एकेकाळी पंक्तिभेद पाळणाऱ्या स्त्रीच्या घरी भिन्न धर्मांची माणसे एकत्र जेवत होती, ही घटना बोलकी आहे.

श्रद्धेमुळे पतिपत्नींमधील भांडणे संपली, असे मात्र झाले नाही. 'स्मृतिचित्रे'त ती भांडणे मोकळेपणाने आली आहेत. १९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' या बंधुसमाजाची उभारणी आरंभिली. तेव्हा पुन्हा एकदा अनिश्चितता घरात आली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' या त्यांच्या महाकाव्याचे मोजकेच अध्याय लिहून झाले होते. ते अपुरे काव्य पुढे नेण्याचे कार्य लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. ज्यांनी अक्षरे शिकविली, त्यांचेच काव्य पूर्णत्वाकडे नेण्याचा हा प्रयत्न मराठी वाङ्मयेतिहासात अपूर्व आहे. ते १९३८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ते पाहण्यास त्या उरल्या नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले होते.

१९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रकाशित झालेल्या 'स्मृतिचित्रे'त पतीवर आरोप नाही, त्याचे देवत्वही नाही. वडील, सासर, जुना धर्म यांपैकी कशाविषयीही कडवटपणा नाही. ज्याने दुखावले त्याच्याकडेही हसून पाहता येणे, ही या ग्रंथाची शैली म्हणून वाखाणली जाते. वस्तुतः ती शैलीपेक्षा अधिक काही आहे. पाच वर्षे ज्या मनाने कोणाचाही द्वेष न करता वाट पाहिली, त्याच मनाची ती भाषा आहे. लक्ष्मीबाईंच्या वाङ्मयाचा विचार करताना त्यांचा विनोद आणि त्यांची श्रद्धा यांची फारकत करता येत नाही, ती याचसाठी.