मल्लखांबाचे गुरू बाळंभटदादा देवधर

मनमाडहून नाशिककडे जाणारी आगगाडी लासलगाव मागे टाकते आणि थोड्याच वेळात निफाड येते. या निफाड तालुक्यात कोठुरे नावाचे गाव आहे. मल्लखांबविद्येला नवे जीवन देणारे बाळंभटदादा देवधर मूळचे याच गावचे.

दुसरे बाजीराव पेशवे पुण्यास राज्य करीत होते. त्या काळी हैदराबादेहून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित पहिलवान पुण्यास आले. आमच्याशी कुस्ती खेळणारा मल्ल पुढे करा, नाहीतर जेतपत्र लिहून द्या, असे आव्हान त्यांनी दिले. त्यांचे धिप्पाड देह पाहून भलेभले मल्ल खाली मान घालून बसले. दरबाराची अब्रू जाणार असे दिसू लागले. तेव्हा अवघ्या अठरा वर्षांचे बाळंभट पुढे झाले. त्यांनी आव्हान स्वीकारले. मात्र तयारीसाठी काही दिवसांची मुदत मागून घेतली.

नुसत्या अंगबळावर या पहिलवानांपुढे आपला निभाव लागणार नाही, हे बाळंभटांनी ओळखले होते. ते वणीच्या सप्तशृंग गडावर गेले. तेथे उपासना करीत असता प्रत्यक्ष मारुतीने लाकडी खांबावर कुस्तीचे डाव करून दाखवले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. पुढे झालेल्या कुस्तीत त्यांनी गुलाबाला चीत केले. ते पाहून अलीने लढण्याचा विचार सोडून दिला.

मल्लखांब हा तसा जुना व्यायाम. बाराव्या शतकात सोमेश्वर राजाने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. परंतु मधल्या काळात तो मागे पडला होता. बाळंभटांनी त्याला पुन्हा वर आणले. गुळगुळीत सागवानी किंवा शिसवी खांबाला एरंडेल तेल लावतात. त्याला हातापायांची मिठी मारून खेळाडू उड्या, तेढ्या, दसरंग, फरारे असे प्रकार करतो. हात, पाय, पोट, पाठ या सर्वांना थोड्या वेळात व्यायाम घडतो. शिवाय हात निसटू नये म्हणून मनही जाग्यावर ठेवावे लागते.

१८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीरावांना कानपूरजवळील ब्रह्मावर्तास जावे लागले. बाळंभटही त्यांच्याबरोबर गेले. राज्य गेले, मानमरातब गेला. पण विद्या त्यांच्यापाशी होती. ती त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. नानासाहेब, तात्या टोपे आणि लहानगी मनू, म्हणजेच पुढे झाशीची राणी झालेली लक्ष्मीबाई, ही मुले तेथे मल्लखांब शिकली, असे सांगतात.

शिष्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी ही विद्या गावोगावच्या तालमींत नेली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले. त्यांत मल्लखांबही होता. आज अनेक शाळांच्या पटांगणांत हा खांब उभा दिसतो.

त्या खांबापाशी येणारे प्रत्येक मूल काही बलवान नसते. पहिल्या दिवशी हात घसरतो, पाय सुटतो, चारचौघे हसतात. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खांबाला मिठी मारते. हळूहळू अंगात बळ येते, छाती भरते आणि मनातील भीती ओसरते. दरबारात पुढे होण्याआधी सरावासाठी मुदत मागणाऱ्या त्या अठरा वर्षांच्या तरुणाचा हाच धडा आहे.