पृथ्वीच्या पोटात डोकावलेल्या बाई

पृथ्वीच्या मध्यभागी काय आहे, असं कुणी विचारलं तर आपण झोपेतसुद्धा उत्तर देऊ. वितळलेल्या लोखंडाचा थर आणि त्याच्या आत घट्ट लोखंडाचा गोळा. शाळेच्या भूगोलातलं ते अर्ध्या कापलेल्या कांद्यासारखं चित्र सगळ्यांना आठवत असेल. पण हे कळलं कसं? केंद्र आहे ६,३७० किलोमीटर खोल आणि रशियातल्या कोला इथलं सगळ्यात खोल भोक आहे १२,२६२ मीटर! म्हणजे आपण अजून फळाची सालसुद्धा धड सोललेली नाही.

तरीही तो आतला गोळा १९३६ साली एका बाईंनी शोधून काढला, तोही कोपनहेगनमध्ये टेबलाशी बसून. त्यांचं नाव इंगे लेहमन. त्यांची गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण तिच्यात हुशारी आहे तशीच मधली काही वर्षं वाया गेल्याची हुरहूरही आहे.

इंगे यांचा जन्म १३ मे १८८८ चा. वडील आल्फ्रेड लेहमन मानसशास्त्राचे प्राध्यापक. शाळा हॅना ॲडलर यांची. या हॅनाबाई नील्स बोर यांच्या मावशी. त्या शाळेत मुलगे आणि मुली एकत्र शिकत, एकच विषय, एकच खेळ. मुलींची अक्कल कमी असते असं काही लोक मानतात, हे इंगेला शाळेबाहेर पडल्यावरच कळलं.

१९०७ मध्ये त्यांनी कोपनहेगन विद्यापीठात गणिताला प्रवेश घेतला आणि १९१० मध्ये केंब्रिज गाठलं. तिथे अभ्यासाचा ताण इतका झाला की तब्येतच ढासळली. १९११ मध्ये सगळं अर्धवट सोडून त्या घरी परतल्या आणि विम्याच्या हिशेबांच्या ऑफिसात नोकरीला लागल्या. पुन्हा विद्यापीठात गेल्या त्या १९१८ मध्ये, पदवी मिळाली १९२० मध्ये. आपल्या भाषेत सांगायचं तर चांगले सात वर्षांचे ‘ड्रॉप’! पण त्या वर्षांत आकडेमोडीवर जो हात बसला, तो पुढे आयुष्यभर उपयोगी पडला.

१९२५ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्या नोर्लुंड या गणितज्ञांच्या मदतनीस झाल्या. काम होतं डेन्मार्क आणि ग्रीनलंडमध्ये भूकंपमापक बसवण्याचं. हा विषय त्या काम करता करताच शिकल्या. १९२८ मध्ये त्या भूकंप विभागाच्या प्रमुख झाल्या. गंमत बघा, डेन्मार्कमध्ये मोठे भूकंप होतच नाहीत! पण जगात कुठेही जमीन हादरली की तिथल्या लहरी पृथ्वीच्या पोटातून प्रवास करून येतात, आणि बाईंना वाचायच्या होत्या त्या याच लहरी.

इथे थोडं मागे जाऊ. आपल्या देशात भूविज्ञान सर्वेक्षण खात्यात काम केलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींमधून लहरींचे वेगवेगळे प्रकार ओळखले होते. पृथ्वीला गाभा असल्याचं त्यांनीच १९०६ मध्ये दाखवलं. पुढे गुटेनबर्ग यांनी त्याची कड २,९०० किलोमीटर खोल असल्याचं काढलं आणि १९२६ मध्ये जेफ्रीज यांनी गाभा द्रवरूप आहे असं मांडलं. द्रवात शिरताना लहरी वाकतात, त्यामुळे भूकंपापासून साधारण १०४ ते १४२ अंशांच्या पट्ट्यात त्यांची ‘सावली’ पडते. तिथे काही पोचायला नको.

पण १७ जून १९२९ ला न्यूझीलंडमध्ये मर्चिसन इथे मोठा भूकंप झाला, तेव्हा सावलीच्या पट्ट्यातल्या नोंदींवरही बारीक थरथर उमटली होती. अशा थरथरीबद्दल जाणकारांचं म्हणणं होतं की गाभ्याच्या कडेवरून थोडी लहर वळून येत असेल, विषय संपला. बाईंचं मात्र समाधान होईना. त्या काळी कॉम्प्युटर नव्हता. कोणत्या केंद्रावर लहर किती वाजता पोचली, हे त्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहीत आणि कार्डं ओटमीलच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवत.

मग त्यांनी एक सोपं मॉडेल घेतलं. वरच्या थरात वेग सेकंदाला १० किलोमीटर, गाभ्यात ८. वेग स्थिर धरला की वाटा सरळ रेषेत येतात आणि गणित आपल्या वर्कशीटवर मावेल एवढंच उरतं. या गाभ्याच्या आत त्यांनी जास्त वेगाचा आणखी एक गोळा बसवला. त्याच्यावरून लहरी उसळून सावलीच्या पट्ट्यात येऊ लागल्या, आणि वेळाही जुळल्या! १९३६ मध्ये त्यांनी पेपर छापला. नाव इतकंच: पी-डॅश. तेव्हा बाईंचं वय होतं ४८.

त्यांनी गोळ्याची त्रिज्या सुमारे १,४०० किलोमीटर काढली होती, आज ती १,२२० च्या आसपास मानतात. तो घट्ट आहे यावर १९७१ मध्ये शिक्कामोर्तब झालं. तिथे पाच हजार अंशांहून जास्त तापमान असूनही लोखंड वितळत नाही, कारण दाब आपल्या हवेच्या तीस लाख पटींहून जास्त आहे.

१९५३ मध्ये त्या निवृत्त झाल्या, पण काम थांबलं नाही. सुमारे २२० किलोमीटर खोलीवरच्या बदलाला आज त्यांचंच नाव आहे. १९७१ मध्ये त्यांना बोवी पदक मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २१ फेब्रुवारी १९९३ ला, वयाच्या १०४ व्या वर्षी त्या गेल्या.

प्रॅक्टिकलला एखादा पॉइंट रेषेवर बसला नाही की त्याचं काय होतं, ते कुठल्याही बॅचला सांगायला नको. खोडरबर तयारच असतं! इंगेबाईंच्या टेबलावर आलेली ती थरथर तसाच एक पॉइंट होती. आणि ज्यांचं वर्ष गेलंय, जे रूमवर तोंड लपवून बसलेत, त्यांनी हेही लक्षात ठेवावं, की ती थरथर ओळखणारी बाई एकेकाळी अभ्यास सोडून घरी परत आली होती.