रोरी गॅलाहरची शेवटची तबकडी

गिटारवादकांचा विषय निघाला की आपल्या मंडळींत हेंड्रिक्स आणि क्लॅप्टन यांच्यापुढे गाडी सहसा जात नाही. रोरी गॅलाहरचे नाव निघालेच, तर ते एखाद्या अट्टल शौकिनाच्या तोंडून. स्वतः रोरीला याचे फारसे वाईट वाटले नसते.

त्याचा जन्म २ मार्च १९४८ रोजी आयर्लंडमधील बॅलीशॅननचा. बालपण डेरीत आणि पुढे कॉर्क शहरात गेले. १९६३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने कॉर्कच्या एका दुकानातून शंभर पौंड किमतीची जुनी स्ट्रॅटोकॅस्टर गिटार हप्त्यांवर घेतली. हप्ते फेडायचे म्हणून तो नाचगाण्याच्या कार्यक्रमांत चालू गाणी वाजविणाऱ्या एका ताफ्यात वाजवीत असे. पण मन अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या ब्लूजमध्ये गुंतलेले. १९६६ मध्ये त्याने ‘टेस्ट’ हा स्वतःचा संच काढला. तो १९७० च्या अखेरीस मोडला आणि मग रोरी स्वतःच्याच नावाने उभा राहिला.

या माणसाचा हट्ट मात्र विलक्षण! लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चढण्यासाठी एकेका गाण्याची छोटी तबकडी काढायला तो राजी नसे. १९७० च्या दशकात बेलफास्टमध्ये बाँबस्फोट होत होते, बाहेरचे कलावंत तिकडे फिरकत नव्हते. रोरी तेथे पुनःपुन्हा जाऊन वाजवीत राहिला. जानेवारी १९७५ मध्ये रोलिंग स्टोन्सने त्याला रॉटरडॅमला बोलावून घेतले. काही दिवस तो त्यांच्याबरोबर वाजवला आणि ठरलेल्या जपानच्या दौऱ्यासाठी निघून गेला. दुसरा कोणी असता तर दौरा रद्द केला असता, असे मला वाटते. हाच हट्ट त्याला महागही पडे. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ध्वनिमुद्रित केलेली अख्खी लाँगप्ले केवळ मनासारखी उतरली नाही म्हणून त्याने बाजूला टाकली.

पुढे विमानप्रवासाची धास्ती बसली. तिच्यावर डॉक्टरी गोळ्या, जोडीला दारू. शरीर सुजू लागले, यकृत पोखरले गेले. अशा अवस्थेत १९९० साली ‘फ्रेश एव्हिडन्स’ निघाली. एकट्याच्या नावावरील ही अकरावी आणि शेवटची स्टुडिओतली तबकडी. रोरी गुप्तहेरकथांचा मोठा वाचक; ‘ताजा पुरावा’ हे नाव त्या नादातलेच. मला तरी ती एखाद्या ऋणपत्रासारखी वाटते. ‘किंग ऑफ झायडेको’ हे गाणे लुइझियानातील ॲकॉर्डियनवादक क्लिफ्टन शेनिए याला वाहिलेले, तर ‘ॲलेक्सिस’ ही शब्दांवाचूनची रचना इंग्लंडमध्ये ब्लूज रुजविणाऱ्या ॲलेक्सिस कॉर्नरच्या नावाने. सन हाउसचे एक जुने गाणे तो साथीदारांना बाजूला ठेवून एकटाच गातो. ‘वॉकिंग वूंडेड’ म्हणजे चालता-फिरता जखमी. हे गाणे ऐकताना त्याची प्रकृती आठवल्यावाचून राहत नाही. पण कुठे रडगाणे नाही. आवाज थोडा जड झालेला, बोटे मात्र तशीच धारदार. पूर्वीच्या काही तबकड्यांत जी घाई जाणवते ती येथे नाही. ‘घोस्ट ब्लूज’ तर तो चांगली आठ मिनिटे निवांत रंगवतो.

यानंतर पाच वर्षे तो वाजवीत राहिला, नवी तबकडी झाली नाही. शेवटचा कार्यक्रम १० जानेवारी १९९५ रोजी झाला, तोही रॉटरडॅमलाच. मग लंडनच्या रुग्णालयात यकृतारोपण झाले. ते पार पडले, पण पुढे जंतुसंसर्ग झाला आणि १४ जून १९९५ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. अंत्ययात्रेला कॉर्कच्या रस्त्यांवर हजारो लोक उभे होते.

ती शंभर पौंडांची गिटार त्याने जन्मभर सोडली नाही. घामाने तिचा बहुतेक रंग उडून खालचे लाकूड दिसू लागले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनला तिचा लिलाव झाला आणि जवळजवळ नऊ लाख पौंडांना ती विकली गेली. घेणाऱ्यांनी ती घेतली ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यासाठी.