तालचेरचा धोंडा आणि तेविशीतला विल्यम

हिंदमाताला तुंबलेलं पाणी ओसरलं की मागे काय उरतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. चिकट, बारीक गाळ. आता समजा, त्या गाळात कमरेएवढा धोंडा रुतलेला दिसला, तोही आसपास कुठेच न सापडणाऱ्या दगडाचा. तर? संथ पाणी गाळ टाकतं, पण धोंडा आणू शकत नाही. धोंडा ढकलणारं पाणी गाळ टिकू देत नाही. मग दोन्ही एकत्र आणलं कुणी?

१८५६च्या सुमाराला ओडिशातल्या तालचेरला विल्यम ब्लॅनफर्ड याच कोड्यापुढे उभा होता. वय वर्षं तेवीस. म्हणजे आपल्यातले बरेच जण पुढच्या अॅडमिशनचे फॉर्म भरत असतात, ते वय.

१८३२ साली लंडनमध्ये जन्मलेल्या विल्यमचं सुरुवातीला काही ठरलेलं नव्हतं. दोन वर्षं इटलीत व्यापारी पेढीवर, मग वडिलांच्या धंद्यात. धाकटा भाऊ हेन्री खाणशास्त्र शिकायला निघाला, तसा हाही त्याच कॉलेजात शिरला. १८५५मध्ये दोघे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. सरकारला विज्ञानाचा पुळका वगैरे नव्हता. आगगाड्या सुरू झाल्या होत्या, इंजिनांना कोळसा हवा होता.

कोळसा होताच. पण त्याच्याही खालच्या थरात मऊ गाळात मोठमोठे धोंडे होते. ब्लॅनफर्ड बंधू आणि त्यांचा सहकारी विल्यम थिओबाल्ड यांनी सरळ लिहून टाकलं, की हे काम बर्फाचं. कारण बर्फ निवडानिवड करत नाही. धोंडा, भुगा, सगळं पोटात घेतो आणि वितळतो तिथे टाकून देतो. कर्कवृत्ताच्या खाली, ओडिशाच्या उकाड्यात बर्फ! तेव्हा युरोपातसुद्धा हिमयुगाच्या कल्पनेवर वाद चालू होते.

अर्थात त्यांच्या डोळ्यांपुढे होता तो नदीकाठी गोठणारा बर्फ, हिमनदी नाही. पुढचा पुरावा आपल्या महाराष्ट्रात निघाला. चंद्रपूरजवळच्या इरई गावाशी, पेम नदीच्या पात्रात तोच थर चुनखडीवर बसलेला आहे आणि खालची चुनखडी घासून गुळगुळीत झालेली, वर समांतर चरे पडलेले. फ्रान्सिस फेडननं १८७५मध्ये त्याबद्दल लिहिलं. दगड दातांत धरून सरकणारा बर्फच असे चरे पाडतो. त्यांच्या रोखावरून तो कोणत्या रेषेत सरकला, हे नकाशावर काढता येतं. हे मुंबईत का दिसत नाही? आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा लाव्हा आहे. तालचेरचे थर सुमारे तीस कोटींचे. लाव्हा संपतो, तिथे पूर्व विदर्भात जावं लागतं.

विल्यमनं या लाव्ह्यावरही काम केलं. १८६२पासून चार वर्षं तो मुंबई इलाख्यात होता. नंतर मुंबईहून निघालेल्या फौजेच्या मोहिमेत अॅबिसिनियाला गेला, १८७९मध्ये मेडलिकॉटबरोबर भारताच्या भूशास्त्राचा मोठा ग्रंथ काढला, १८८२ला निवृत्त झाला आणि मग भारतातल्या प्राण्यांवरच्या ग्रंथमालेचा संपादक! हेन्री तिकडे हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला आणि हिमालयातल्या बर्फावरून मान्सूनचा अंदाज बांधू लागला. घराण्यालाच बर्फाचं वेड म्हणायचं.

एक प्रश्न मात्र विल्यमला सुटला नाही. उष्ण कटिबंधात एवढा बर्फ आला कसा? तसेच थर दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातही होते. भारत आणि आफ्रिका कधीकाळी जमिनीनं जोडलेले असावेत, असं तो १८९०मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेचा अध्यक्ष म्हणून मांडत होता. मधली जमीन समुद्रात बुडाली असेल, हीच त्या काळची समजूत. जमिनी बुडत नाहीत, सरकतात, हे आल्फ्रेड वेगेनरनं १९१२मध्ये मांडलं. बर्फ पडला तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. त्याच्या पुराव्यांत तीस कोटी वर्षांपूर्वीचा हा बर्फही होता. ब्लॅनफर्ड १९०५मध्येच गेला होता.