फिडियस : अथेनेची सुवर्णमूर्ती घडविणारा शिल्पकार

प्राचीन ग्रीसचा श्रेष्ठ शिल्पकार म्हणून ज्याचे नाव आदराने घेतले जाते, त्या फिडियसच्या हातची म्हणून निर्विवाद सांगता येईल अशी एकही मूर्ती आज उरलेली नाही. तरीही त्याची कीर्ती सुमारे अडीच हजार वर्षे टिकून आहे.

चार्मिडीजचा पुत्र फिडियस हा अथेन्सचा रहिवासी. पर्शियनांनी इ.स.पू. ४८० मध्ये अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरील मंदिरे उद्ध्वस्त केली होती. तेथे नवी मंदिरे उभारण्याचा संकल्प पेरिक्लीज या नेत्याने सोडला आणि कामाची देखरेख आपला स्नेही फिडियस याच्याकडे सोपविली. पार्थेनॉनचे बांधकाम इ.स.पू. ४४७ मध्ये सुरू झाले. नगरदेवता अथेनेची मूर्ती इ.स.पू. ४३८ मध्ये तेथे प्रतिष्ठापित झाली.

सुमारे १२ मीटर उंचीच्या या मूर्तीचा सांगाडा लाकडी होता. मुख व हात हस्तिदंताचे, तर वस्त्रे सोन्याच्या पत्र्यांची होती. उजव्या तळहातावर विजयदेवता नाइकी उभी होती, तर डाव्या बाजूस ढाल व सर्प होता. इतिहासकार थ्युसिडिडीजने सोन्याचे वजन ४० टॅलेंट, म्हणजे सुमारे १,००० किलो, असे नोंदविले आहे. हे सोने नगराची गंगाजळीही होती. संकटकाळी उपयोगी पडावे म्हणून पत्रे सुटे करता येतील असेच बसविले होते.

ही योजनाच फिडियसच्या कामी आली. पेरिक्लीजच्या विरोधकांच्या प्रेरणेने त्याच्यावर सुवर्णचोरीचा आरोप झाला. प्लुटार्कच्या वृत्तांतानुसार, पत्रे उतरवून तोलण्याचे आव्हान पेरिक्लीजने दिले आणि आरोप सिद्ध झाला नाही. मात्र देवीच्या ढालीवर स्वतःची व पेरिक्लीजची प्रतिमा कोरल्याचा ठपका ठेवून त्याला बंदिवासात टाकण्यात आले व तेथेच त्याचे निधन झाले, असे प्लुटार्क सांगतो. दुसऱ्या परंपरेनुसार, अथेन्स सोडून त्याने ऑलिम्पिया येथे झ्यूसची भव्य मूर्ती घडविली. प्राचीन जगातील सात आश्चर्यांत तिची गणना होते. ऑलिम्पियातील उत्खननात १९५० च्या दशकात त्याच्या कार्यशाळेत मातीचे साचे आणि त्याचे नाव कोरलेला एक प्याला सापडला.

फिडियसने सोने चोरले नव्हते. ते पुढे सत्ताधाऱ्यानेच लुबाडले. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या आरंभी लाखारीस या हुकूमशहाने सैनिकांच्या वेतनासाठी देवीचे सोने उतरविले. प्राचीन युगाच्या अखेरीस मूळ मूर्तीही नाहीशी झाली. अथेन्समध्ये १८८० मध्ये सापडलेल्या सुमारे एक मीटर उंचीच्या संगमरवरी प्रतिकृतीवरून आज तिच्या रूपाची कल्पना येते.